चंब्याचा रुमाल आणि आपली हिमाचलची सहल

महाराष्ट्रातून हिमाचल प्रदेशात जाणाऱ्या सहलींचा मार्ग बहुतेक ठरलेला असतो. शिमला, मनाली, धरमशाला, डलहौसी आणि डलहौसीहून अर्ध्या दिवसाची खज्जियारची फेरी. देवदारांनी वेढलेले ते हिरवे कुरण पाहून, घोड्यावर बसून, फोटो काढून मंडळी दुपारी पुन्हा डलहौसीच्या हॉटेलात परततात. खज्जियारपासून चंबा शहर सुमारे २४ किलोमीटरवर आहे आणि रस्ता रावी नदीच्या खोऱ्यात उतरत जाणारा आहे. हजार वर्षांहून अधिक जुनी राजधानी, दगडी शिखरांची मंदिरे, १९०८ पासूनचे संग्रहालय, आणि देशातील अत्यंत नाजूक भरतकामांपैकी एक भरतकाम आजही ज्या घरांतून हाताने होते ती घरे, हे सारे इतक्या जवळ असूनही आपल्याकडच्या बहुसंख्य पर्यटकांच्या वाट्याला येत नाही. मला ही गोष्ट फार खटकते, म्हणून चंब्याच्या रुमालाविषयी जरा सविस्तर लिहीत आहे.

चंब्याचा रुमाल हे साधारणपणे चौकोनी आकाराचे, मलमलीवर किंवा हातमागाच्या सुती कापडावर रेशमाने भरलेले वस्त्र असते. देवापुढे किंवा मान्यवरांपुढे ठेवायच्या नैवेद्याच्या आणि भेटवस्तूंच्या ताटावर ते झाकण म्हणून घालत असत. लग्नात वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्यात ज्या वस्तूंची देवाणघेवाण होई, त्यांवरही हे रुमाल असत. त्यामुळे त्यांवरचे विषयही मंगल प्रसंगांना शोभतील असे असतात. कृष्ण मध्यभागी आणि भोवती गोल फेर धरलेल्या गोपी हे रासमंडल सर्वाधिक लोकप्रिय आहे. त्याखेरीज रुक्मिणीहरण, सायंकाळी गायी घेऊन परतणारा कृष्ण, अष्टनायिका, शिकारीचे प्रसंग, सोंगट्यांचा पट मांडून बसलेली जोडपी, आणि वरातीतल्या पालख्या व वाजंत्रीवाले असे कितीतरी विषय त्यांत भरलेले दिसतात. कडेने फुलापानांची वेल फिरते आणि मधल्या मोकळ्या जागेत सुरूची झाडे, केळीची झाडे, पक्षी असे काहीतरी असते. पार्श्वभूमी मात्र कोरीच ठेवतात. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळसर कापडाची ती कोरी जागा मला या कामाचा प्राण वाटते, कारण तिच्यामुळे प्रत्येक आकृती सुटी, स्पष्ट आणि हवेत तरंगल्यासारखी दिसते.

या भरतकामाचे वैशिष्ट्य त्याच्या टाक्यात आहे. त्या टाक्याला तिकडे ‘दोरुखा’ म्हणतात. सुई पुढे नेत आणि मागे आणत कापडाच्या दोन्ही अंगांना टाका सारखाच बसवत जातात, त्यामुळे रुमालाला उलटी बाजू राहतच नाही. गाठ कुठेही मारायची नाही. धाग्याचे टोक टाक्यांच्याच खाली दडवायचे. रेशमाला पीळ नसतो. पीळ नसलेला धागा कापडावर चपटा पसरतो आणि त्याची चकाकी एकसंध दिसते, पण त्याच कारणाने तो हाताळायला अवघड असतो, कारण बोटाच्या खरखरीत कातडीतसुद्धा तो अडकतो आणि त्याचे तंतू सुटतात. आकृती भरून झाल्या की काळ्या रेशमाने बारीक कड काढतात, आणि मग डोळे, बोटे, ओढणीची चुणी, मोराची मान हे सारे एकाएकी उठून दिसू लागते.

पैठणी पाहिलेल्या मराठी बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. हातमागावरची अस्सल पैठणी घेताना आपली आजी पदर उलटा करून पाहत असे. मागच्या बाजूला धाग्यांचे लोंबते जाळे दिसले की ती साडी बाजूला सारायची आणि दोन्ही बाजूंना मुनिया सारखीच नेटकी दिसली की मगच किमतीचे बोलणे काढायची. पैठणीत ही करामत मागावर विणताना साधतात, चंब्यात विणून झालेल्या कापडावर सुईने साधतात. पण पारखण्याची रीत एकच आहे. म्हणूनच मला असे वाटते की, या रुमालाचा सर्वांत जाणता ग्राहक महाराष्ट्रातून जाऊ शकतो, आणि नेमका तोच खज्जियारहून माघारी वळतो.

या रुमालांचे रेखाटन कोणी केले, हे कळले की त्यांची थोरवी आणखी उमगते. चंबा, गुलेर, कांगडा, बसोली ही पहाडी चित्रकलेची दरबारे एकमेकांना लागून होती. अठराव्या शतकात चंब्याच्या राजांनी, विशेषतः उमेदसिंह आणि त्याचा मुलगा राजसिंह यांनी चित्रकारांना आश्रय दिला. गुलेरचा थोर चित्रकार नैनसुख याचा मुलगा निक्का हा राजसिंहाच्या आश्रयाला होता. राजवाड्यातल्या आणि सरदारघराण्यांतल्या स्त्रिया भरतकाम करत आणि त्यांच्या कापडावर कोळशाने किंवा कुंचल्याने बाह्यरेषा काढून देण्याचे काम हे दरबारी चित्रकार करत. कोणत्या जागी कोणता रंग यावा याची सूचनाही चित्रकार देत असे. रेषा चित्रकाराची आणि रंग भरणारा हात बाईचा अशी ही जोडी होती. राजवाड्याबाहेरच्या स्त्रियाही भरत असत, पण त्या रेषा स्वतःच काढत. त्यांच्या रुमालांत माणसांची प्रमाणे बिघडलेली, घोडे ठेंगणे, रंग भडक असे असते, आणि त्यात एक निराळा जिवंतपणा असतो. जाणकारांचा कल दरबारी रुमालांकडे असतो. मला मात्र हे घरगुती रुमाल तितकेच प्रिय आहेत, कारण त्यांत विषय कोणता, झाड कुठे, हत्तीला किती मोठे करायचे, हे सारे भरणाऱ्या बाईने स्वतः ठरवलेले असते.

चंब्याच्या भरतकामाचे काही उत्तम नमुने आज चंब्यात नाहीत. कुरुक्षेत्राच्या युद्धाचा भरलेला एक लांबलचक पट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्या रंगमहालाची बांधणी उमेदसिंहाच्या काळात सुरू झाली, त्याच्या भिंतींवरची चित्रे जतन करण्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेण्यात आली. असे असले तरी चंब्याचे भुरीसिंह संग्रहालय अवश्य पाहावे. १९०८ मध्ये राजा भुरीसिंहाच्या नावाने ते सुरू झाले आणि त्यामागे डच विद्वान फोगेल यांचे श्रम होते, ज्यांनी चंब्याचे शिलालेख आणि ताम्रपट अभ्यासले. तिथे जुने रुमाल आहेत, पहाडी चित्रे आहेत, आणि ज्यांच्यापुढे मी सर्वाधिक वेळ थांबते त्या पनघटाच्या शिलाही आहेत. डोंगरातल्या झऱ्यावर दिवंगत माणसाच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा बसवायची, तिच्यातून पाण्याची धार काढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाणी प्यावे, अशी ही पद्धत. वरुण, नागदेवता, शेषशायी विष्णू, घोडेस्वार अशा आकृती त्यांवर असतात. आपल्याकडे सह्याद्रीत वीरगळ पाहायची सवय असलेल्याने या शिला पाहाव्यात. मृताची आठवण दगडात कोरण्याची ओढ तीच आहे, पण इथे त्या आठवणीला वाटसरूची तहान जोडलेली आहे.

संस्थाने गेली तसा रुमालाचा आधारही गेला. दरबारी चित्रकार उरले नाहीत, त्यामुळे रेषा ढासळली. बाजारात गिरणीचा धागा आणि रासायनिक रंग आले, त्यामुळे रंगसंगती ढासळली. आणि लग्नात रुमाल देण्याची रीत विरळ झाल्यावर नव्या मुलींनी हा टाका शिकण्याचे कारणच उरले नाही. पुढे रंगमहालात हस्तकलेचे केंद्र चालू झाले आणि महेशीदेवींसारख्या स्त्रियांनी टाका जिवंत ठेवला. १९९० च्या दशकात दिल्ली क्राफ्ट्स कौन्सिलने या कामात जे लक्ष घातले, ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्यांनी संग्रहालयांतले जुने उत्तम रुमाल शोधले, पहाडी शैलीत तयार झालेल्या चित्रकारांकडून त्यांचे रेखाटन पुन्हा करून घेतले आणि चंब्यातल्या स्त्रियांकडून ते जुन्याच कसोटीने भरून घेतले. पुढे चंब्यातच ‘चारू’ नावाचे केंद्र उभे राहिले. रेषा आणि टाका यांची तुटलेली जोडी पुन्हा जुळवणे, हे त्या प्रयत्नाचे मर्म होते. नुसते प्रशिक्षणवर्ग काढून आणि शिलाईयंत्रे वाटून ते कधीच साधले नसते. चंब्याचे पहाडी चित्रकार विजय शर्मा यांना २०१२ मध्ये आणि रुमालाच्या कामासाठी आयुष्य वेचलेल्या ललिता वकील यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एकाच छोट्या डोंगरी शहरातल्या दोन व्यक्तींना, एकीला रेषेसाठी आणि दुसरीला टाक्यासाठी हा सन्मान मिळाला, याचा मला अतिशय आनंद आहे.

चंब्यातल्या एका घरात मला हे काम शेजारी बसून पाहता आले. घराची एक बाजू रावीकडे उघडी होती आणि भरणाऱ्या दीदी खिडकीला लागून, उजेड डाव्या खांद्यावरून येईल अशा बेताने बसल्या होत्या. मांडीवर पांढरे सुती कापड पसरले होते. त्यावर करड्या रेषेत रासमंडल आखलेले होते. दोन गोपी भरून झाल्या होत्या, तिसरीचा घागरा अर्धा झाला होता आणि उरलेल्या सगळ्या अजून नुसत्या रेषाच होत्या. धागा ओवण्यापूर्वी त्या तो दोन बोटांच्या चिमटीतून हलक्या हाताने काढत, म्हणजे तंतू एका दिशेला बसत. एका टाक्यात कापडाचे किती धागे घ्यायचे हे त्या मोजत नव्हत्या, ते बोटांना ठाऊक होते. थोड्या थोड्या वेळाने त्या कापड उलटवत आणि मागची बाजू पाहत. एकदा त्यांनी थांबून दहाबारा टाके उसवले. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. दोष कुठे आहे असे विचारल्यावर त्यांनी सुईच्या टोकाने दाखवले, की एका जागी टाका केसभर तिरका गेल्यामुळे रेशमावरचा उजेड तुटत होता. सांगितल्यावर मलाही तो दिसला आणि मग तो सोडून दुसरे काही दिसेना. उजेड उतरला की त्या काम थांबवतात, दिव्याच्या प्रकाशात हिरव्या आणि निळ्याच्या छटा फसवतात, असे त्यांनी सांगितले. घरातला स्वयंपाक, गायीचे दूध, नातवाचा अभ्यास हे सारे सांभाळून दिवसाला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात हे काम चालते, त्यामुळे लहान रुमालालाही काही आठवडे लागतात आणि मोठ्याला कित्येक महिने.

आता हा रुमाल पर्यटकाने घ्यायचा कुठे आणि कसा, हा खरा प्रश्न आहे. डोंगरातल्या पर्यटनस्थळी दुकानाला वीस मिनिटे मिळतात. बसचा वाहक हाका मारत असतो, आणि त्या घाईत घेणाऱ्याला स्वस्त, रंगीत आणि पटकन घडी घालून पिशवीत मावणारी वस्तू हवी असते. अशा बाजाराची मागणी पुरवायला यंत्रावर भरलेली आणि चक्क छापलेली कापडेही ‘चंबा रुमाल’ म्हणून येतात. डोंगरावरच्या एका दुकानात मला असेच छापील कापड हाताचे काम म्हणून दाखवले गेले. मी ते उलटे करताच मागे पुसट छाप तेवढा दिसला. कुल्लूच्या शालींचेही हेच झाले आहे. पंजाबच्या यंत्रमागांवर निघणाऱ्या शाली कुल्लूच्या म्हणून विकल्या जातात आणि हातमागावर रंगीत काठ बोटांनी भरत बसलेल्या विणकराला त्याच किमतीशी टक्कर द्यावी लागते. चंबा रुमाल आणि कुल्लू शाल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्याचा उपयोग नावाच्या कायदेशीर रक्षणासाठी होतो, पण दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला टाका ओळखता आला नाही तर ते मानांकन कागदावरच राहते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, अशा ठिकाणी पर्यटकाने खरेदीआधी पाहण्याला वेळ द्यावा. संग्रहालयात जुना रुमाल नीट पाहिला की डोळ्याला माप मिळते. नंतर भरणाऱ्या बाईजवळ थोडा वेळ बसले की किंमत कशामुळे आहे ते समजते आणि घासाघीस करण्याची इच्छाच राहत नाही. सगळ्यांना मोठा रुमाल परवडेल असे नाही, त्याची गरजही नाही. एखादी एकटी आकृती भरलेला छोटा तुकडाही त्याच दोरुख्यात केलेला असतो आणि एका घराला त्याचे मोल मिळते. घेणाऱ्याने मागणी नोंदवून निम्मे पैसे आधी द्यावेत आणि रुमाल सहा महिन्यांनी टपालाने यावा, ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. तिच्यात भरणाऱ्या बाईला घाई करावी लागत नाही, दलालाच्या उधारीवर रेशीम आणावे लागत नाही, आणि काम पुरे होईपर्यंत तिला ते कोणासाठी आहे हे माहीत असते.

चंब्याचे सांस्कृतिक जीवन अर्थात रुमालापुरते नाही. शहराच्या मधोमध चौगान नावाचे विस्तीर्ण हिरवे मैदान आहे, आणि साधारण जुलैच्या अखेरीस तिथे मिंजर मेळा भरतो. मक्याच्या तुऱ्यासारखा दिसणारा रेशमी, जरीचा गोंडा, तोच मिंजर, त्या दिवसांत लोक अंगरख्यावर लावतात आणि शेवटी मिरवणुकीने जाऊन नारळासह रावीत सोडतात. त्यातला पहिला मिंजर लक्ष्मीनारायणाला आणि रघुवीराला वाहतात. तो परंपरेने चंब्याच्या मिर्झा या मुस्लिम घराण्याने बनवलेला असतो, आणि शतकानुशतके हा मान त्या घराण्याकडेच आहे. वारीत आणि गावोगावच्या उरुसांत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण जरीचा तो इवलासा गोंडा विणणाऱ्यांचे हात पाहिले की आदर मात्र दुणावतो. लक्ष्मीनारायणाच्या आवारात दगडी शिखरांची सहा मंदिरे एका ओळीत आहेत. शिखरांवर लाकडी छत्र्या बसवलेल्या आहेत, कारण इथे बर्फ पडतो. मैदानी प्रदेशातली नागर शैली डोंगराच्या हवामानाशी कशी जुळवून घेते, ते त्या छत्र्यांत दिसते.

वेळ असेल तर भरमौरला जावे. रस्ता रावीच्या काठाने जातो, कठीण आहे, आणि पावसाळ्यात दरडी कोसळतात. दहाव्या शतकात साहिल वर्मनने राजधानी चंब्याला हलवण्यापूर्वी ती भरमौरला होती. तिथल्या लक्षणादेवीच्या मंदिराचे कोरीव लाकडी दार आणि मंडप सातव्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात, आणि आतली पितळी मूर्ती गुग्गा नावाच्या कारागिराने घडवल्याचे तिच्यावरील लेखातच नोंदलेले आहे. राजाच्या नावाबरोबर कारागिराचे नाव टिकून राहिल्याची उदाहरणे आपल्या देशात फार नाहीत. मला ते नाव वाचताना भरून आले. चंब्याच्या बाजारात रेशमाने व जरीने सजवलेली चामड्याची चप्पलही मिळते. ती टिकाऊ आणि हलकी आहे आणि रुमालापेक्षा सहज परवडते.

सहल कंपन्यांना यासाठी फार काही बदलावे लागणार नाही. डलहौसीतल्या दोन किंवा तीन मुक्कामांपैकी एक चंब्यात करावा. खज्जियार पाहून माघारी न वळता तसेच खाली उतरावे. दुपारी संग्रहालय, संध्याकाळी चौगान आणि मंदिरे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात रुमालाचे काम, आणि जेवायला राजमा दह्यात शिजवून केलेला चंब्याचा मदरा. संग्रहालय सोमवारी आणि सरकारी सुट्ट्यांना बंद असण्याची शक्यता धरून वार आधीच तपासून घ्यावा. चाळीस माणसांची बस एका घरापुढे उभी करणे योग्य नाही. आठदहांच्या गटाने, आधी कळवून जावे, आणि दाखवण्यासाठी ज्या बाईने आपले काम थांबवले तिला त्या वेळाचा मोबदला द्यावा, मग कोणी काही विकत घेवो वा न घेवो. जे स्वतंत्रपणे जातात त्यांच्यासाठी पठाणकोटपर्यंत रेल्वे आहे आणि तिथून चंबा सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पुढच्या उन्हाळ्याची आरक्षणे आता सुरू होतील, तेव्हा कार्यक्रमपत्रिका हातात आली की डलहौसीच्या ओळीखाली चंब्याचा मुक्काम आहे का ते पाहा, आणि नसेल तर फोन करून विचारा. चारचौघांनी विचारले की पाचव्या वर्षी तो छापील पत्रिकेत आलेला असेल.